तुरेवाला पेंग्विन आणि त्याचे शेजारी

(नभोवाणीवरील भाषण)

भारताचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणा. कन्याकुमारीच्या टोंकावर बोट ठेवा आणि तें तसेंच सरळ दक्षिणेकडे ओढीत न्या. विषुववृत्त ओलांडलें, मकरवृत्त ओलांडलें, तरी बोटाखालीं पाण्यावांचून दुसरें कांहीं येत नाहीं. अशी सुमारें पांच हजार किलोमीटरांची मजल झाल्यावर एक लहानसा ठिपका लागतो. हें अ‍ॅम्स्टरडॅम बेट. कन्याकुमारी आणि हें बेट जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. कन्याकुमारीस माध्यान्ह झाली कीं त्याच सुमारास तेथेंही माध्यान्ह होते. या बेटाच्या कड्याखालीं, काळ्या खडकांवर, एक ठेंगणा, लालबुंद डोळ्यांचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिवळे तुरे मिरविणारा पक्षी दोन्ही पाय जुळवून टणाटण उड्या मारीत आपल्या घरट्याकडे जात असतो. आज त्याच्याविषयीं आणि त्याच्या शेजाऱ्यांविषयीं थोडें सांगावयाचें आहे.

हा पक्षी म्हणजे पेंग्विन. पेंग्विन म्हटला कीं आपल्या मनापुढें बर्फाचें अफाट मैदान उभें राहतें आणि त्यावर काळा डगला घालून गंभीरपणें चालणारी वकीलमंडळी दिसूं लागते. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें सगळ्या पेंग्विनांचें नव्हे. मुंबईकरांनीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं आणलेले पेंग्विन पाहिले असतील. ते हंबोल्ट जातीचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. त्यांच्या मुलखांत बर्फ नाहीं. आपल्या आजच्या पाहुण्याच्या मुलखांतही नाहीं. तेथें आहे तो सोसाट्याचा वारा, पाऊस, पुरुषभर उंचीचें गवत आणि ज्वालामुखीच्या रसापासून बनलेले काळेकभिन्न खडक.

तुरेवाल्या पेंग्विनांचें एक स्वतंत्र कुळ आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘युडिप्टिस’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उत्तम बुडी मारणारा’. या कुळांत सहासात जाति मोडतात आणि त्या सर्वांची खूण एकच: डोळ्यांवरून मागें जाणारा पिवळा तुरा. त्यांतील एका जातीस तर इंग्रज खलाशांनीं ‘मॅकरोनी’ असेंच नांव ठेवलें. कारण अठराव्या शतकांत लंडनमध्यें नटून थटून फिरणाऱ्या छानछोकी तरुणांना लोक थट्टेनें मॅकरोनी म्हणत असत. आपला पाहुणा याच कुळांतला, परंतु अंगलटीनें लहान. त्याला ‘रॉकहॉपर’, म्हणजे खडकांवरून उड्या मारणारा, असें म्हणतात. आणि दक्षिणेकडील भाऊबंदांपासून वेगळा ओळखतां यावा म्हणून ‘उत्तरेकडील रॉकहॉपर’.

नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं, म्हणून शब्दांनींच तें रेखाटण्याचा प्रयत्न करतों. उंची पावणेदोन फुटांच्या आंतबाहेर. वजन ऋतुमानाप्रमाणें दोन ते चार किलो. पाठ निळसर काळी, पोट शुभ्र पांढरें. पंखांचीं वल्हीं झालेलीं. हवेंत उडण्यास तीं निरुपयोगी, पण पाण्यांत तींच खरे पंख. चोंच आंखूड, जाड आणि तांबूस नारिंगी. पाय गुलाबी, तळवे मात्र काळे. डोळे गुंजेसारखे लाल. चोंचेच्या मागून एक बारीक पिवळी रेघ निघते, भुंवईसारखी डोळ्यावरून जाते आणि मग एकाएकीं मोकळी सुटून लांब, रेशमी, सोनेरी पिसांच्या झुबक्यांत संपते. डोक्याच्या माथ्यावर काळीं पिसें ताठ उभीं असतात. वारा सुटला कीं हे झुबके डोक्याभोंवतीं असे भिरभिरतात, कीं लग्नाच्या वरातींत फेट्याचा तुरा सुटलेला एकादा चिडका वरबापच समोर उभा आहे असें वाटावें. नर आणि मादी दिसण्यांत सारखींच; नराची चोंच तेवढी जरा भक्कम असते. वर्षाच्या आंतील पिलांना मात्र हा साज नसतो. तुरा ही प्रौढपणाची खूण आहे. जोडीदार निवडतांना आणि शेजाऱ्यास धाक घालतांना डोकें हलवून ती दाखविली जाते.

स्वभाव म्हणाल तर तापट. आकार कोंबडीएवढा, पण माणूस जवळ आला तर पळून जाण्यापेक्षां त्याच्या पोटरीस चोंच मारणें त्याला अधिक पसंत. वसाहतींत घरटीं इतकीं दाटीनें असतात, कीं प्रत्येकाची हद्द म्हणजे त्याची मान पोंचेल तेवढी. त्या हद्दीवरून दिवसभर भांडणें चालतात आणि हजारों कंठांतून निघणारा कर्कश कोलाहल, वासासह, वाऱ्याबरोबर समुद्रावर दूरवर जातो.

चालण्याची रीति तर याची स्वतःची. इतर पेंग्विन डुलत चालतात किंवा पोटावर घसरत जातात. हा मात्र दोन्ही पाय एकत्र जुळवून चेंडूसारखा एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडतो. भरतीच्या लाटेनें त्याला खडकावर आदळावें, मागच्या लाटेनें पुन्हां ओढून न्यावें, आणि तिसऱ्या लाटेबरोबर यानें नखांनीं खडक धरून वर उडी घ्यावी. असें तासन्‌तास चालतें. फॉकलंड बेटांवर याचे दक्षिणेकडील भाऊबंद राहतात. तेथें पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेनें जातां येतां त्यांच्या नखांनीं खडकाला खोल चरे पडले आहेत. आपल्या गांवच्या जुन्या विहिरीच्या कांठाला दोरानें पडलेल्या खांचा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

या पेंग्विनाचें घर जगांत मोजक्याच ठिकाणीं आहे. हिंदी महासागरांत अ‍ॅम्स्टरडॅम आणि त्याच्या जवळचें सेंट पॉल, हीं दोन बेटें. परंतु जातीचा फार मोठा भाग राहतो तो दक्षिण अटलांटिक महासागरांत, ट्रिस्टन डा कून्या नांवाच्या बेटांच्या पुंजक्यांत आणि त्याच्या आग्नेयेस सुमारें ४०० किलोमीटरांवर असलेल्या गफ बेटावर. आतां आपणही हिंदी महासागर सोडून, आफ्रिकेच्या टोंकाला वळसा घालून तिकडे जाऊं.

आफ्रिकेच्या केप टाउन बंदरापासून ट्रिस्टन सुमारें २,८०० किलोमीटर दूर आहे. तेथें विमान उतरत नाहीं. जहाजानें आठवडाभराचा प्रवास. मुख्य बेट म्हणजे समुद्रांतून दोन हजार मीटरांवर वर आलेला ज्वालामुखी पर्वत. त्याच्या पायथ्याशीं एका चिंचोळ्या सपाटीवर एकच गांव आहे आणि त्यांत अडीचशेंच्या आंत माणसें राहतात. जगांत याहून एकाकी वस्ती नाहीं असें म्हणतात. या मुख्य बेटाच्या नैर्ऋत्येस, होडीनें जाण्याजोग्या अंतरावर, दोन लहान बेटें आहेत. एकाचें नांव ‘नाइटिंगेल’ आणि दुसऱ्याचें ‘इनअ‍ॅक्सेसिबल’, म्हणजे दुर्गम. नांवाप्रमाणेंच तें चोहोंकडून तुटलेल्या कड्यांचें आहे.

या बेटांवर टसक नांवाचें गवत वाढतें. तें माणसाच्या डोक्यावरून जातें. त्याच्या जाड गड्ड्यांमधून पेंग्विनांनीं वाटा पाडलेल्या असतात. वरून पाहणाराला हिरवें रान दिसतें; आंत मात्र बोळ, चौक, आळ्या आणि गजबजलेलें शहर असतें. ऑक्टोबर १८७३ मध्यें ‘चॅलेंजर’ हें सुप्रसिद्ध संशोधन-जहाज येथें आलें. त्यावरील निसर्गशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांना या गवतांतून वाट काढीत जावें लागलें. समोरचें दिसत नाहीं, पायाखालीं अंडीं आणि पक्षी, पोटऱ्यांना चोंचींचा मार आणि नाकाला असह्य दुर्गंधि, असा तो प्रवास होता. त्यांनीं तो आपल्या १८७९ सालच्या ग्रंथांत लिहून ठेवला. १९२१ मध्यें या पक्ष्यास शास्त्रीय नांव देतांना मोझलींचेंच नांव त्यास जोडण्यांत आलें. चोंचींचा मार खाणाऱ्याचें नांव मारणाऱ्यास मिळावें, हा योगायोग मोठा गमतीचा!

याच सफरींत ‘चॅलेंजर’ला इनअ‍ॅक्सेसिबल बेटावर दोन जर्मन भाऊ भेटले. स्टोल्टेनहॉफ हें त्यांचें आडनांव. सील मारून पैसा मिळवावा या आशेनें ते १८७१ च्या अखेरीस तेथें उतरले होते. सील फारसे मिळाले नाहींत आणि जहाजही आलें नाहीं. ते दोघे जवळजवळ दोन वर्षें जिवंत राहिले, त्यांत पेंग्विनांच्या अंड्यांचा वांटा मोठा होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या बेटांवर माणूस आणि पेंग्विन यांचें नातें आरंभापासून असें आहे: एक भुकेला आणि दुसरा अन्न.

पण त्या नात्याकडे वळण्यापूर्वीं या पक्ष्याचें वर्ष कसें जातें तें पाहिलें पाहिजे. कारण पुढची कथा त्याशिवाय नीट उमजणार नाहीं.

हिवाळ्याचे पांचसहा महिने हा पेंग्विन जमिनीचें तोंड पाहत नाहीं. तो खुल्या समुद्रावर असतो; तेथेंच खातो, तेथेंच झोंपतो. झिंग्यासारखे बारीक कवचधारी प्राणी, लहान मासे आणि माकुल हें त्याचें अन्न. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टांत, दक्षिण गोलार्धाचा हिवाळा सरत आला कीं, नर प्रथम बेटावर येतात आणि गेल्या वर्षींची आपली जागा शोधून काढतात. मागाहून माद्या येतात. जुनी जोडी पुष्कळदां पुन्हां जमते. सप्टेंबरांत मादी दोन अंडीं घालते.

आणि येथें निसर्गाचें एक मोठें कोडें उभें राहतें. पहिलें अंडें लहान असतें. त्यानंतर चारपांच दिवसांनीं येणारें दुसरें अंडें त्याहून बरेंच मोठें असतें. पहिलें त्याच्या मानानें सुमारें पाव हिश्शानें कमी भरतें. पक्ष्यांच्या जगांत सामान्यतः मागून आलेलें अंडें लहान असतें आणि आधीं आलेल्या पिलाला वडीलपणाचा लाभ होतो. या कुळांत मात्र जणूं कैकेयीचा वर फळास आलेला असतो: धाकट्यास राज्य, थोरल्यास वनवास. मोठें अंडें बहुधा आधीं फुटतें, त्यांतलें पिलूं जोमदार निघतें आणि लहान अंड्याचें पिलूं जन्मलेंच तर थोड्याच दिवसांत मागें पडून मरतें. दोन अंडीं घालून पदरीं एकच पिलूं, असा हा व्यवहार. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील अँटिपोडीज बेटावर याच कुळांतील दुसऱ्या एका जातीचीं निरीक्षणें १९९८ मध्यें झालीं आणि २०२२ मध्यें प्रसिद्ध झालीं. त्या जातींत तर पहिल्या अंड्यावर आईबाप नीट बसतही नाहींत. अन्नासाठीं दूर समुद्रांत जावें लागत असल्यानें दोन पिलें पोसण्याचें सामर्थ्य या कुळास उरलें नाहीं; दोन अंड्यांची रीत पूर्वजांकडून आली ती मात्र सुटलेली नाहीं, असें शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे. कारण कांहीं असो, परिणाम स्पष्ट आहे. एका जोडीला एका वर्षांत फार तर एक पिलूं. ज्या जातीचें उत्पन्न इतकें तुटपुंजें, तिला एकदां खोट आली कीं ती भरून निघण्यास पिढ्या लागतात.

सुमारें तेहेतीस दिवस अंडीं उबविण्यांत जातात. नर आणि मादी आळीपाळीनें बसतात. पिलूं बाहेर आल्यावर पहिले तीनचार आठवडे नर घरटें सोडीत नाहीं. तो उपाशी राहून पहारा करतो आणि मादी रोज समुद्रावर जाऊन अन्न आणते. मग पिलें जरा मोठीं झालीं कीं तीं एकत्र घोळका करून उभीं राहतात आणि दोघेंही पालक मासेमारीस मोकळे होतात. परत आलेली आई त्या घोळक्यांतून आवाजावरून आपलें पिलूं ओळखून काढते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत पिलें समुद्रांत उतरतात.

यानंतर मोठ्यांच्या आयुष्यांतला सर्वांत नाजूक काळ येतो. आधीं समुद्रावर जाऊन ते भरपूर खाऊन लठ्ठ होतात. मग परत येऊन अंगावरचीं सारीं पिसें एकदम टाकतात. जुनीं पिसें गळालीं आणि नवीं अद्याप पुरतीं आलीं नाहींत, अशा स्थितींत अंगांत पाणी शिरतें; म्हणून समुद्रांत उतरण्याची सोय नसते. जवळजवळ महिनाभर हा पक्षी किनाऱ्यावर उभा राहून अंगच्या चरबीवर दिवस काढतो. शेवटीं तो अगदीं हडकलेला, पण नव्या कोऱ्या पोषाखांत पुन्हां सागराकडे निघतो. हा काळ जानेवारी ते मार्च असा असतो. श्रोत्यांनीं मार्च महिना लक्षांत ठेवावा.

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. ट्रिस्टनवर वस्ती झाली ती नेपोलियनमुळें, असें म्हटलें तर कोणास खरें वाटणार नाहीं. नेपोलियन सेंट हेलिना बेटावर कैदेंत असतां त्याच्या सुटकेसाठीं कोणी ट्रिस्टनचा उपयोग करूं नये, या धास्तीनें इंग्रजांनीं १८१६ मध्यें तेथें एक तुकडी ठेवली. पुढल्याच वर्षीं ती काढून घेतली. पण विल्यम ग्लास नांवाचा एक स्कॉटिश कॉर्पोरल बायकामुलांसह तेथेंच राहिला. त्याच्या मागून कांहीं खलाशी, कांहीं फुटलेल्या जहाजांवरचे लोक येऊन मिळाले. त्यांचेच वंशज आज तेथें राहतात. १९६१ मध्यें ज्वालामुखी जागा झाला तेव्हां सगळें गांव इंग्लंडला नेण्यांत आलें. तेथें विजेचे दिवे होते, दुकानें होतीं; तरीही बहुतेक सारे १९६३ मध्यें आपल्या खडकावर परत आले.

या लोकांच्या बोलींत पेंग्विनाला ‘पिनमिन’ म्हणतात. सप्टेंबर महिना आला कीं कॅनव्हास ताणून केलेल्या लांब होड्या वल्हवीत ते नाइटिंगेलवर जात आणि पिनमिनांचीं अंडीं भरून आणीत. बटाटे, मासे आणि अंडीं यांवर गांवाचा हिवाळा निघे. पक्ष्यांची चरबी वितळवून तेल काढीत. त्यांच्या डोक्यावरचे सोनेरी तुरे कातडीसकट काढून, ते एकाला एक शिवून, शोभिवंत आसनें करीत आणि जाणाऱ्या जहाजांवरील लोकांना देऊन त्यांच्याकडून पीठ, कापड, खिळे घेत. हें ऐकून आपल्यापैकीं कांहींना वाईट वाटेल. पण वर्षांतून एकदोन जहाजें जेथें येतात तेथें माणसानें काय खावें, हा प्रश्नही विचारला पाहिजे. आपल्या कोंकणांतला कोळी समुद्राकडे ज्या दृष्टीनें पाहतो त्याच दृष्टीनें ट्रिस्टनचा माणूस पेंग्विनाकडे पाहत असे.

तथापि पक्षी कमी होत गेले. मुख्य बेटावरील एकेकाळच्या अफाट वसाहती विरून गेल्या. आणि याहून गूढ गोष्ट म्हणजे, जेथें कायमचें गांव नाहीं, अंडीं काढणारे हात नाहींत, त्या गफ बेटावरही तीच कथा घडली. १९५५ च्या सुमारास तेथें जे पक्षी होते त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक २००६ पर्यंत नाहींसे झाले होते. ते कोठें गेले? समुद्राचें तापमान बदललें, त्याबरोबर अन्न सरकलें, असा एक तर्क आहे. परंतु एकच एक कारण अद्याप कोणास निश्चित दाखवितां आलेलें नाहीं. याच २००६ सालीं आनुवंशिक परीक्षणावरून असें ठरलें, कीं उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील रॉकहॉपर या एकाच जातीच्या दोन शाखा नसून दोन निराळ्या जाति आहेत. म्हणजे ज्याला आजवर मोठ्या कुटुंबाची एक शाखा समजत होतों तें एक स्वतंत्र, आणि झपाट्यानें लहान होत चाललेलें घराणें निघालें. आज या जातीच्या सुमारें दोन लक्ष जोड्या उरल्या असाव्यात. आंकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण सारी पुंजी चारपांच गाठोड्यांत बांधलेली, आणि तींही उघड्या समुद्रावर ठेवलेलीं.

त्यांपैकीं एका गाठोड्यावर १६ मार्च २०११ रोजीं पहांटे घाला आला. ‘ओलिव्हा’ नांवाचें एक मोठें मालवाहू जहाज ब्राझिलहून सोयाबीन भरून सिंगापूरकडे चाललें होतें. वाटेंत हजारों किलोमीटर मोकळें पाणी. आणि तरीही तें नेमकें नाइटिंगेल बेटाच्या खडकावर जाऊन आदळलें. जहाजावरील २२ माणसें सुखरूप निघालीं. दोन दिवसांत जहाज मोडलें. त्याच्या पोटांतलें सुमारें पंधराशें टन जड इंधन-तेल समुद्रांत पसरलें आणि बेटांभोंवतीं काळी किनार उमटली.

मार्च महिना लक्षांत ठेवण्यास सांगितलें होतें तें याचसाठीं. कांहीं पेंग्विन नवीं पिसें लेऊन आधींच दूर गेले होते, हें त्यांतल्या त्यांत सुदैव. पण ज्यांचीं पिसें पुरतीं यावयाचीं होतीं, अंगावर चरबी उरली नव्हती, पोटांत महिनाभर अन्न नव्हतें, ते हजारों पक्षी कांठावरच होते. पेंग्विनाच्या पिसांवर तेल बसलें कीं त्यांचा एकमेकींत गुंतून झालेला घट्ट थर उसवतो, थंड पाणी कातडीला भिडतें आणि ऊब निघून जाते. चोंचीनें तेल काढूं जावें तर तें पोटांत जातें.

ट्रिस्टनच्या लोकांनीं काय केलें? ज्या होड्यांनीं त्यांचे आजे अंडीं आणीत, त्याच समुद्रांतून त्यांनीं आतां तेलानें माखलेले पक्षी आणले. ३,७१८ पेंग्विन गांवांत आले. गांव अडीचशें माणसांचें. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशीं चौदा-पंधरा पक्षी. सार्वजनिक बांधकामाच्या शेडमध्यें त्यांचें इस्पितळ झालें. पोहण्याच्या तलावांतलें पाणी बदलून तो त्यांना मोकळा करून दिला. घरोघरच्या सांठ्यांतले मासे बाहेर निघाले. दक्षिण आफ्रिकेहून समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारे जाणकार लोक जहाजानें निघाले. पण तें जहाज येईपर्यंत दिवसांमागून दिवस गेले, आणि तोंवर हीच मंडळी एकेका पक्ष्याच्या चोंचींत मासा कोंबीत होती. पक्ष्यास याची जाणीव नव्हती. तो चिडून त्यांच्या हातांना चोंचा मारीतच होता.

आणि शेवटीं हिशेब काय झाला? त्या ३,७१८ पक्ष्यांपैकीं बरे होऊन समुद्रांत सोडले गेले ते ३८१. दहांतला एक. बाकीचे मेले. गांवाचा पैसा ज्या शेवंड्यांच्या मासेमारीवर चालतो, ती त्या दोन बेटांभोंवतीं बंद ठेवावी लागली तें निराळेंच.

श्रोतेहो, या आंकड्यापाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. एवढ्या कष्टांचें फळ दहांत एक, मग हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी माणसाच्या मनांत येईल. त्याला उत्तर असें, कीं दोन अंडीं घालून एकच पिलूं वाढविणाऱ्या पक्ष्याच्या जमाखर्चांत ३८१ प्रौढ पक्षी ही किरकोळ बाब नव्हे. त्यांतील एकेकाच्या जागीं नवा उभा राहण्यास कित्येक वर्षें जावीं लागतात. पण खरें उत्तर याहून साधें असावें. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असतां किती भांडीं वांचतील याचा हिशेब करून कोणी धांवत नाहीं. दोनशें वर्षें या पक्ष्यांनीं त्या गांवाला पोसलें. गांवानें तें विसरून न जातां अडचणीच्या वेळीं आपल्या वांट्याचे मासे त्यांच्यापुढें ठेवले. खाणारा आणि खाल्ला जाणारा या नात्यांतूनही ऋण उत्पन्न होतें आणि तें फेडावयाचें असतें, ही गोष्ट त्या लोकांना कोणी व्याख्यान देऊन शिकविली नव्हती.

त्यांनीं केलें तें तेवढ्यावरच थांबलें नाहीं. १९७६ पासून त्यांच्याकडे निसर्गरक्षणाचा कायदा होताच. गफ आणि इनअ‍ॅक्सेसिबल हीं बेटें जागतिक वारसा म्हणून नोंदलींही गेलीं होतीं. नोव्हेंबर २०२० मध्यें या चिमुकल्या गांवानें आपल्या बेटांभोंवतींचा जवळजवळ ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. त्याच्या शेंकडा नव्वद भागांत मासेमारीस बंदी आहे. आपल्या उभ्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठें हें क्षेत्र. आणि त्याचे राखणदार अडीचशेंही नाहींत.

यानें पेंग्विनाचें संकट टळलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ही जाति आजही संकटग्रस्तांच्या यादींत आहे. तापत चाललेल्या समुद्राला कुंपण घालतां येत नाहीं आणि दूरच्या वाटेनें जाणारें प्रत्येक जहाज जागरूक असेलच असेंही नाहीं. आरंभीं ज्या अ‍ॅम्स्टरडॅम बेटापर्यंत आपण बोट ओढीत नेलें होतें, तेथें जानेवारी २०२५ मध्यें मोठा वणवा लागला आणि बेटाचा सुमारें अर्धा भाग जळाला. एका ठिणगीनें, एका चुकलेल्या जहाजानें एका जातीच्या सर्व पुंजीपैकीं एक गाठोडें उघडें पडावें, इतकी ही पुंजी थोडी आहे.

तरीही ऑगस्ट येईल. आपल्याकडे श्रावणाच्या सरी कोसळत असतील, आणि तिकडे लाटा खडकांवर फुटत असतील. पहिली लाट एका लहानशा पक्ष्याला खडकावर आपटील, दुसरी मागें ओढील, आणि तिसरीबरोबर तो नखांनीं दगड धरून वर येईल, अंग झटकील, पिवळे तुरे हलवील आणि दोन्ही पाय जुळवून आपल्या जुन्या जागेकडे उड्या मारीत निघेल. ती जागा त्याला तेथें सांपडावी, एवढीच इच्छा करून आपली रजा घेतों.